प्रकल्प सहा जणांचा, जागरण एकट्याचं

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी चाकणजवळच्या एका ऑटो-पार्ट कंपनीत क्वालिटीत आहे. मुलगा आठवीत, सेमी-इंग्रजीला. मागच्या सत्रात शाळेने सहा-सहा मुलांचे गट पाडून ‘पाणी व्यवस्थापन’ हा प्रकल्प दिला. बाकीची पाच मुलं एकदा घरी आली, पोहे खाल्ले, खाली क्रिकेट खेळली आणि गेली. एक जण सलाइनची नळी घेऊन आला होता, तिचं ठिबक करू म्हणत होता, पण ते फारच गबाळं दिसत होतं. शेवटी मुलाने आणि मी रात्री जागून मजकूर, फोटो, चार्ट सगळं केलं, प्रिंट काढून लॅमिनेट करून दिलं. मार्क मात्र सहाही जणांना सारखे. आता विज्ञान प्रदर्शनासाठी बाईंनी तोच गट ठेवलाय आणि मुलगा म्हणतो, “मी एकटाच करणार.”

मला त्याचं पटतं, कारण ऑफिसात माझंही तेच चाललंय. एका ब्रॅकेटला बर, म्हणजे कापलेल्या कडेला धातूची खरबरीत धार, येत होती. आठ जणांच्या सीएफटीच्या, म्हणजे वेगवेगळ्या खात्यांतल्या लोकांच्या गटाच्या, मीटिंगांवर मीटिंगा झाल्या, निष्पन्न काही नाही. टूलरूममधले एक काका बोलता बोलता म्हणाले होते, की पंचला, म्हणजे प्रेसमध्ये पत्रा कापणाऱ्या टूलला, धार लावून आणल्यापासून प्रेसचा आवाज वेगळा येतोय. मी घरी बसून रिजेक्शनचा डेटा टूलच्या हिस्टरी कार्डाशी ताडून पाहिला आणि कारण एकटीने शोधून काढलं. मॅनेजरच्या प्रेझेंटेशनमध्ये ते ‘टीम’च्या नावावर गेलं आणि माझ्या अप्रेझलमध्ये शेरा आला: ‘टीममध्ये मिसळत नाही.’ मी काही माणूसघाणी नाही. कॉलेजात पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेला बॅकस्टेज करायचे, लाइट्स माझ्याकडे असायचे, आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस ते. पण शाळा-ऑफिसातलं टीमवर्क म्हणजे एकाच्या जिवावर बाकीच्यांची चैन, असं माझं मत झालंय. मुलाला वेगळा प्रकल्प द्या असं बाईंना सांगू का? आणि त्या शेऱ्याचं काय करू?

*

नमस्कार,

तुमच्या रागात तथ्य आहे, हे आधीच सांगून टाकते. गटात गेलं की माणसाचा हात सैल पडतो, हे शंभर वर्षांपूर्वीच कुणीतरी मोजून ठेवलंय. मॅक्स रिंगलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला. एकटा माणूस जेवढा ओढतो, त्याच्या जवळजवळ निम्माच जोर आठ जणांच्या रांगेत माणशी पडला. १९१३ साली हे छापून आलं. यातला काही तोटा सगळ्यांना एका तालात ओढणं न जमल्याचा होता, पण काही सरळसरळ हात राखून ओढण्याचा. १९७९ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी दोराऐवजी ओरडणं आणि टाळ्या वापरून तेच पुन्हा तपासलं. आपल्याबरोबर आणखी काही जण ओरडतायत अशी नुसती समजूत करून दिली, तरी माणसाचा आवाज उतरायचा.

इथवर तुमची बाजू भक्कम आहे. पण दोन वर्षांनी याच कामाचा पुढचा भाग आला आणि तो पत्राच्या उत्तरासाठी जास्त महत्त्वाचा. प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय असं लोकांना सांगितलं, तेव्हा ही कामचुकारी जवळपास नाहीशी झाली. माणसं तशीच होती, काम तेच होतं, फक्त आपलं काम आपल्या नावावर दिसणार हे त्यांना ठाऊक होतं. तेव्हा ती पाच मुलं आळशी होती असा निकाल देण्याआधी मला विचारावंसं वाटतं, की त्यांच्यासाठी काम शिल्लक तरी काय होतं? एक लॅपटॉप, त्यावर टाइप करणारं एक पोर, शेजारी त्याची आई. चार्ट छापून लॅमिनेट व्हायचा होता. अशा ठिकाणी मी असते तर मीही पोहे खाऊन खाली खेळायला गेले असते.

आणि तो सलाइनवाला मुलगा. तुम्ही त्याला पत्रात एक वाक्य दिलंय, मला तो पत्रातला सगळ्यात लक्षात राहणारा माणूस वाटला. गटातल्या सहा जणांत विषयाशी खरोखर झोंबणारं काही घेऊन आला असेल तर तोच. सलाइनच्या नळीला थेंब कमी-जास्त करायचं चाक असतं. बाटली उंच टांगली की थेंब भराभर पडतात, खाली आणली की मंदावतात. बाजारात मिळणारे ठिबकचे ड्रीपर ताशी दोन, चार, आठ लिटर असे ठरावीक मापाचे असतात. आपली नळी ताशी किती पाणी देते, हे मोजपात्र आणि घड्याळ घेऊन आठवीतल्या पोरांना तासाभरात काढता आलं असतं. मग प्रश्न निघाले असते. विहिरीच्या क्षारांनी नळी चोंदली तर? उतारावरच्या शेवटच्या झाडाला पाणी कमी पडतं का? यातलं काहीच घडलं नाही, कारण ते दिसायला गबाळं होतं आणि तुमच्याकडे लॅमिनेशन होतं. हे टोचेल, तरी लिहिते: त्या प्रकल्पात सर्जनशील म्हणावं असं जे काही होतं, ते तुमच्या घराच्या दारापर्यंत आलं होतं आणि परत गेलं.

यात दोष तुमच्या एकटीचा नाही, बराचसा व्यवस्थेचाही आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आपल्याकडे २०१० पासून आलं तेव्हा कल्पना चांगली होती: वर्षभर मूल कसं शिकतं, काय करून पाहतं, इतरांशी कसं वागतं हे सगळं पाहायचं. पण प्रकल्पाला मार्क चिकटले आणि स्टेशनरीच्या दुकानात तयार प्रकल्प टांगलेले दिसायला लागले. अंतर्गत मार्कांचं काय झालं ते दहावीच्या निकालांत तर लख्ख दिसलं. २०१८ चा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले वीस मार्क काढून घेतले, निकाल ७७.१० वर आला. ओरड झाली, मार्क परत आले आणि २०२० ला निकाल ९५.३० टक्के. निकालाच्या चढउताराला इतरही कारणं असतात, पण शाळेच्या हातातल्या विसापैकी किती सहज पडतात हे सगळ्यांनाच माहीत आहे. तुमच्या पुरुषोत्तममध्ये याउलट २०२२ साली परीक्षकांनी एकही संघ पात्र नाही म्हणून करंडक दिलाच नाही. केवढा गदारोळ झाला! मला तरी ते परीक्षक आवडले.

आता पुरुषोत्तमचा विषय निघालाच आहे तर तिथेच थोडं थांबते, कारण तुमच्या मताला सगळ्यात मोठा सुरुंग तुम्हीच तिथे लावून ठेवलाय. टीमवर्क म्हणजे एकाच्या जिवावर बाकीच्यांची चैन, असं म्हणणारी बाई आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस कुठले सांगते? तर पंधरा-वीस पोरांनी महिनाभर एकत्र खपून, घरच्यांच्या शिव्या खाऊन, भरत नाट्य मंदिरात एक एकांकिका उभी केली ते. तिथे कुणी फुकटे नव्हते का? असणारच, प्रत्येक कॉलेजच्या संघात ‘आव्वाज कुणाचा’ ओरडण्यापुरती येणारी दोन-चार मुलं असतातच. तरी तुम्हाला ते सलत नाही. का, याचा विचार करून बघा.

माझा अंदाज सांगते. लाइट्स तुमच्याकडे होते, म्हणजे लाइट्स तुमच्याकडेच होते. तुमचा फेड-आऊट चुकला तर मुख्य भूमिकेतल्या पोराला स्टेजवरून खाली येऊन तो सावरता येणार नव्हता. उलट त्याचं वाक्य अडखळलं तर तुम्हालाही त्याच्या जागी उभं राहता येणार नव्हतं. प्रत्येकाचं काम निराळं, प्रत्येकाचं काम दिसणारं आणि सगळ्यांना गाठायची तारीख एकच. स्क्रिप्ट बहुधा कुणीतरी एकट्याने रात्री खोलीवर बसून लिहिलं असेल. मग तालमीत त्यातली निम्मी वाक्यं गेली असतील, एखादा प्रसंग नेपथ्यवाल्याच्या अडचणीमुळे बदलला असेल आणि नेमका तोच सगळ्यांना लक्षात राहिला असेल. बक्षिसंही दोन्ही प्रकारची: करंडक संघाला आणि अभिनय, लेखन, दिग्दर्शनाची वैयक्तिक. १९६३ पासून ही स्पर्धा चालतेय आणि मराठी नाटक-सिनेमाला माणसं पुरवतेय. गटात काम कसं करावं हे शिकवायला याहून चांगलं ट्रेनिंग कुठल्या कंपनीला विकत आणता येईल असं मला वाटत नाही.

तेव्हा तुमची अडचण टीमवर्कशी नाही. गट म्हणून एका टेबलाभोवती माणसं बसवायची आणि काम मात्र असं द्यायचं की ते एकालाच करता येईल, याच्याशी आहे. तुमच्या मुलाच्या वर्गात तेच झालं. सीएफटीत थोडं वेगळं झालं, त्याकडे येतेच. पण त्याआधी ‘एकटीने शोधून काढलं’ या तुमच्या शब्दांबद्दल बोलायला हवं.

तुम्हीच लिहिलंय, टूलरूममधल्या काकांनी आवाजाचं सांगितलं होतं. ते सांगितलं नसतं तर तुम्ही रिजेक्शनचा डेटा नेमका टूलच्या हिस्टरी कार्डाशीच का ताडला असता? कॉइलच्या लॉटशी ताडला असता, शिफ्टशी ताडला असता, ऑपरेटरच्या नावाशी ताडला असता. ढिगातून कुठली दोन कागदं शेजारी ठेवायची, हे त्यांच्या कानाने सांगितलं. ते हिस्टरी कार्ड कुणीतरी प्रत्येक रिग्राइंडिंगनंतर, म्हणजे पुन्हा धार लावल्यावर, इमानेइतबारे भरलं होतं, म्हणून ताडायला काही सापडलं. याचा अर्थ तुमचं श्रेय कमी होतं असा मी लावत नाही. काकांचं वाक्य आठ जणांपैकी आणखी कुणी ऐकलं असेलही, त्याचं काही केलं ते तुम्ही. पण मॅनेजरने तुमचं नाव गाळलं याचा तुम्हाला जसा राग आला, तसा राग काकांनाही येऊ शकतो. त्यांचं नाव तुमच्या कुठल्या रिपोर्टमध्ये आहे?

या प्रसंगात मला कामाची एक पद्धतच दिसते आणि ती तुमच्या मुलालाही उपयोगी पडेल. आठ जण खोलीत बसून कल्पना लढवत होते तेव्हा काही निघालं नाही. एका माणसाने मशीनपाशी उभं राहून काही ऐकलं, दुसरीने घरी शांतपणे कागद तपासले, मग दोन्ही जुळलं. हे अपघाताने होत नाही. सगळ्यांनी एकत्र बसून जे सुचेल ते बोलायचं, ही ब्रेनस्टॉर्मिंगची पद्धत अॅलेक्स ऑसबोर्न या अमेरिकन जाहिरातवाल्याने लोकप्रिय केली. १९५८ साली येल विद्यापीठात ती तपासली गेली. चार जणांचा गट एकत्र बसवला आणि दुसरीकडे चार जणांना एकेकटं बसवून नंतर त्यांच्या कल्पना एकत्र केल्या. एकेकट्यांच्या कल्पना जवळजवळ दुप्पट भरल्या. पुढे याची कारणंही शोधली गेली. त्यातलं मुख्य अगदी साधं आहे: एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. बाकीचे आपली पाळी येईपर्यंत एक तर विसरतात, नाही तर समोरच्याचं ऐकून आपलं गिळून टाकतात. मॅनेजर पहिला बोलला तर विचारूच नका.

म्हणून तुमचा मुलगा ‘एकटाच करणार’ म्हणतो त्यात अर्धं बरोबर आहे. सुरुवात एकट्याने करू द्यावी. मीही गर्दीत बसून एक ओळ लिहू शकत नाही. पण सुचलेलं तपासून घ्यायला, त्यातलं भोक दाखवून द्यायला, आणि आपल्याला जे येत नाही ते करायला दुसरी माणसं लागतात. शिवाय हुशार मुलाने गट ताब्यात घेतला की गट सुधारतो असंही नाही. २०१० साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात छोट्या गटांना निरनिराळी कामं दिली होती. गटातला सगळ्यात हुशार माणूस किती हुशार आहे यावरून गटाची कामगिरी फारशी सांगता आली नाही. बोलण्याची पाळी सगळ्यांत बऱ्यापैकी वाटली गेली होती का आणि एकमेकांच्या मनातलं ओळखणारी माणसं गटात होती का, यावर ती जास्त अवलंबून होती. एकदोघंच बोलत राहिले ते गट मागे पडले.

तर बाईंकडे जा, पण मुलाला वेगळा प्रकल्प द्या असं सांगायला नको. त्यांच्या वर्गात साठ मुलं असतील, पोर्शन संपवायचा असेल, वर फॉर्म भरायचे असतील. एकाला सूट दिली की दुसऱ्या दिवशी आणखी चार पालक दारात. त्याऐवजी दोन गोष्टी मागता येतात आणि दोन्हींना त्यांचा वेळ जात नाही. एक म्हणजे सहाच्या गटाचे तीन-तीनचे दोन गट करता येतील का ते विचारा. तिघांत लपायला जागा नसते. दुसरी म्हणजे प्रदर्शनाच्या दिवशी कुणाही मुलाला कुणाच्याही भागाबद्दल प्रश्न विचारला जाईल आणि मार्क ज्याच्या त्याच्या उत्तरावर मिळतील, एवढं आधी जाहीर करायला सांगा. 

हे मी हवेतून सांगत नाही. १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात बसायला लागली आणि शाळांत मारामाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने हाच मार्ग काढला होता. धड्याचे तुकडे करायचे, गटातल्या प्रत्येक मुलाकडे एकच तुकडा द्यायचा. त्याने तो इतरांना शिकवायचा. परीक्षा मात्र प्रत्येकाची स्वतंत्र आणि सगळ्या तुकड्यांवर. ज्या मुलाची आधी टर उडवली जायची, त्याच्याकडचा तुकडा आपल्याला हवाय म्हटल्यावर बाकीची मुलं त्याला नीट प्रश्न विचारायला लागली. तिथे प्रेमाने वागा असं कुणी शिकवलं नव्हतं, गरज निर्माण केली होती.

तुमच्याकडे हे असं करता येईल. ठिबकच घ्या, सलाइनवाल्याला बोलवा, त्याची माफी मागायची गरज नाही, नळी घेऊन ये म्हणा. पहिल्या दिवशी कुणी कुणाशी बोलायचं नाही. प्रत्येकाने आपापल्या वहीत चित्र काढायचं: प्रदर्शनात टेबलावर काय दिसेल आणि आपल्याला नक्की काय शोधायचंय. मग वह्या फिरवायच्या आणि ठरवायचं. त्यानंतर एकाने बाटलीची उंची बदलत थेंब मोजायचे आणि तक्ता करायचा. दुसऱ्याने मेथीच्या दोन कुंड्या लावायच्या, एकीला ठिबक, एकीला तांब्याने पाणी, आणि रोज किती पाणी घातलं ते लिहायचं. तिसऱ्याने ज्याच्याकडे खरं ठिबक आहे अशा शेतकऱ्याला भेटायचं. खेड-चाकणकडच्या वर्गात दोन-तीन मुलांच्या घरी तरी शेत असेलच. फिल्टर किती दिवसांनी साफ करावा लागतो, नळ्यांत अॅसिड का सोडतात, उंदीर नळ्या कुरतडतात त्याचं काय करतात, हे त्या माणसाला माहीत असतं आणि गूगलपेक्षा तो चांगलं सांगतो. आठवड्याने प्रत्येकाने आपला भाग बाकीच्यांना असा शिकवायचा की त्यांना तो परीक्षकाला सांगता आला पाहिजे.

तुम्ही मात्र लॅपटॉपला हात लावू नका. ही अट मुलापेक्षा तुम्हाला जड जाईल. टेबलावर वेडीवाकडी अक्षरं असतील, शेजारच्या गटाचं थर्माकोलचं धरण निऑन दिव्यांनी झगमगत असेल आणि कदाचित नंबरही त्यांचाच येईल. चालवून घ्या.

बाईंनी काहीच ऐकलं नाही आणि मुलालाही खरोखरच एकट्याने काही करायचं असेल, तर त्यालाही जागा आहे आणि ती घ्यायला काहीच हरकत नाही. केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत शाळा विद्यार्थ्यांच्या स्वतंत्र कल्पना ऑनलाइन पाठवू शकते, एका शाळेला पाच. निवड झाली तर नमुना तयार करायला मुलाच्या खात्यात दहा हजार रुपये येतात. मुख्याध्यापकांना विचारा, पुष्कळ शाळा पाचचा कोटा भरतसुद्धा नाहीत. पुढच्या वर्षी तो नववीत जाईल तेव्हा होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे. ती सहावी आणि नववीसाठी असते आणि पुढच्या टप्प्यात कृती संशोधनाचा प्रकल्प ज्याचा त्याने करायचा असतो. काही मुलांची मूळ वृत्तीच एकांतात काम करण्याची असते. त्यात बिघडलेलं काही नाही, फक्त ‘बाकीचे बावळट आहेत म्हणून मी एकटा’ हे त्याचं कारण होऊ नये. ते कारण घरातून येतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता ऑफिस. सीएफटीत प्रॉडक्शन, मेंटेनन्स, टूलरूम, परचेस असे सगळे असतात, पण प्रत्येक जण आपल्या खात्याने पाठवलेला असतो आणि मीटिंग संपेपर्यंत बर आपल्या खात्यात येऊ नये एवढंच बघतो. अशा खोलीत कुणाला काही सुचलं तरी तो बोलणार नाही, कारण सुचलेलं बोललं की ते काम आपल्याच गळ्यात. तुमच्याच क्षेत्रातल्या क्वालिटी सर्कलची कल्पना याच्या उलट होती. जपानमध्ये १९६२ साली ती सुरू झाली, भारतात १९८० मध्ये हैदराबादच्या भेल या सरकारी कंपनीत पहिलं सर्कल झालं. एकाच जागी काम करणारी थोडी माणसं, स्वखुशीने येणारी, प्रश्नही त्यांनीच निवडायचा. बऱ्याच कंपन्यांत आता तिचा उत्सव झालाय, टोप्या, घोषणा आणि स्पर्धेचं स्मृतिचिन्ह. पण मूळ गाभा शहाणपणाचा होता: प्रेसचा आवाज ज्याला रोज ऐकू येतो तो माणूस खोलीत हवा. तुमच्या सीएफटीत तो होता का?

पुढच्या मीटिंगमध्ये मॅनेजरची परवानगी काढून एकच बदल करून पाहा. चर्चेच्या आधी दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून चिठ्ठीवर आपल्याला वाटणारी कारणं लिहायची, फिशबोन, म्हणजे कारणांची माशाच्या काट्यासारखी आकृती, त्यानंतर. ऑपरेटर आणि टूलरूमचा माणूस यांच्याही चिठ्ठ्या घ्या, ते बोलायला बिचकत असतील तर तुम्ही त्यांच्यापाशी जाऊन लिहून घ्या. मीटिंग संपल्यावर त्याच दिवशी मेल टाका: कुणी काय सुचवलं, कोण काय करणार, कधीपर्यंत. काकांचं नाव पहिल्या ओळीत. यात चलाखी आहे आणि ती मी लपवत नाही. इतरांची नावं लिहिणाऱ्याचं नाव गाळणं अवघड जातं आणि ते कागदावरही राहतं. झालेल्या प्रेझेंटेशनवरून आता भांडू नका, ते पाणी वाहून गेलं.

मॅनेजर असं एकदाच वागला की नेहमीच वागतो, हे मला पत्रावरून कळत नाही, तुम्हाला कळत असेल. घाईत ‘टीम’ लिहून टाकणारे पुष्कळ असतात, मेलने सुधारतात. पण जो ठरवून दर वेळी हाताखालच्यांचं काम आपल्या नावावर लावतो, त्याला चिठ्ठ्या आणि मेलने काही होत नाही. तिथे दुसऱ्या प्लांटला किंवा दुसऱ्या खात्यात बदली मागणं हा पळपुटेपणा नव्हे. शिवाय एक विसंगती तुमच्याही लक्षात आली असेल. वर्षभर टीमवर्क टीमवर्क म्हणायचं आणि मार्चमध्ये त्याच टीमला बेल कर्व्हवर बसवून एकाला वर, एकाला खाली ढकलायचं. क्वालिटीतली माणसं ज्यांचं नाव घेतात त्या डेमिंगनी माणसांना दर वर्षी असं गुण देणं कंपनीच्या प्राणघातक रोगांत धरलं होतं. तुमचा एचआर ते ऐकणार नाही, पण आपण वेडे नाही एवढं तुम्हाला समजलेलं बरं.

शेरा मात्र तसाच सोडू नका. त्यावर सही करण्याआधी मॅनेजरकडून दोन उदाहरणं मागा, आवाज न चढवता: कुठल्या कामात, कुणाबरोबर मी मिसळले नाही? एखादं खरं निघालं तर ऐकून घ्या. आठ जणांसमोर तुम्ही ‘हे सगळं माहीतच आहे’ अशा चेहऱ्याने बसत असाल तर ते लोकांना दिसतं. उदाहरण मिळालं नाही तर स्वतःच्या मताच्या रकान्यात लिहा, इतकंच: “ब्रॅकेटच्या बरचं कारण टूलरूमच्या निरीक्षणावरून आणि रिजेक्शन डेटा टूल हिस्टरीशी जुळवून मी शोधलं. हे काम टूलरूमबरोबर झालं आहे. टूलरूममधील सहकाऱ्याचं नाव आणि तारखा सोबत जोडल्या आहेत. वरील शेऱ्यासंबंधी विशिष्ट उदाहरण मागितलं, ते मिळालं नाही.” आणि फॉर्मची प्रत स्वतःकडे ठेवा.